अंतेवासी

तळ्याहून मांदाडच्या खाडीकडे उतरलें कीं कुडा येथें डोंगराच्या कुशींत २६ लेणीं लागतात. त्यांतील एका ब्राह्मी लेखांत पदुमनिका नांवाच्या भिक्षुणीनें लेणें व पाण्याचें टांकें दान दिल्याची नोंद आहे. तिच्या नांवाबरोबर बोधि आणि असाळ्हमिता या तिच्या दोन शिष्यांचींहि नांवें दगडांत कोरलीं आहेत. शिष्येसाठीं शब्द योजला आहे तो ‘अंतेवासिनी’, म्हणजे जवळ राहणारी. पोथी दुरूनहि वाचतां येते; पण काम करण्याची रीत करणाऱ्याच्या शेजारीं बसूनच उचलावी लागते, ही समज त्या एका शब्दांत आहे. शास्त्रीय संशोधनास तर ती पूर्णपणें लागू पडते, आणि त्याचें उदाहरण याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सांपडतें.

केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १८२५ सालीं अलिबागेजवळील नागांव येथें झाला. मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांत बाळशास्त्री जांभेकर व प्रोफेसर ऑर्लेबर यांच्या हाताखालीं ते शिकले. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं स्थापन झाली होती, व १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचे नियमित वेध घेतले जाऊं लागले. वेधशाळेची सूत्रें ऑर्लेबर यांजकडे होतीं. त्यांनीं या मिसरूडहि न फुटलेल्या विद्यार्थ्यास साहाय्यक म्हणून जवळ घेतलें. व्याख्यानें ऐकवून नव्हे, तर सुईपुढें बसवून त्याला शास्त्र शिकविलें.

तें काम दिसावयास अगदीं नीरस. टांगलेल्या लोहचुंबकाची हालचाल ठरलेल्या वेळीं दुर्बिणींतून पाहावयाची, मोजपट्टीवरचा आंकडा वाचावयाचा आणि वहींत लिहावयाचा. दिवसा, रात्रीं, पावसाळ्यांतहि. जवळपास लोखंडाचा तुकडा असला तरी सुई फसते. आंकडा विचित्र वाटला तर ‘सुधारण्याचा’ मोह होतो, व तो मोह आवरण्याचें शिक्षण कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत नाहीं. छत्रे यांनीं सुमारें दहा वर्षें ही साधना केली.

तिचें मोल त्या शाळेनें पुढें दाखविलें. २ सप्टेंबर १८५९ रोजीं सूर्यावरील स्फोटामुळें पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालें. देशोदेशींच्या तारायंत्रांत बिघाड झाला. छत्रे तेव्हां वेधशाळेंत नव्हते. पण कुलाब्याचे साहाय्यक सुईपुढून हलले नाहींत. सुई भलतीकडे गेली तरी त्यांनीं दिसला तोच आंकडा लिहिला. त्या वहीच्या आधारें २००३ सालीं संशोधकांनीं त्या वादळाचा जोर अभ्यासला. सुईच्या नोंदींत सुमारें १६०० नॅनोटेस्लाची घट निघाली. शंभरावर गेलेलें वादळहि आज तीव्र समजतात!

पुण्यास छत्रे यांनीं गणित व पदार्थविज्ञान शिकविलें, आणि १८६० सालीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. डेक्कन कॉलेजांत बाळ गंगाधर टिळक त्यांचे विद्यार्थी होते. ‘ओरायन’ (१८९३) या ग्रंथांतील ज्योतिर्गणिताचा पाया त्या वर्गांत घातला गेला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. तरीहि एक उणीव राहिलीच. ऑर्लेबर यांजपाशीं विद्यार्थ्यास बसवावयास वेधशाळा होती. छत्रे यांजपाशीं फळा व खडू. नेगमवाला यांची वेधशाळा पुण्यास उभी राहिली ती छत्रे १८८४ सालीं वारल्यानंतर. गुरु तयार, शिष्य तयार, पण शेजारीं बसावयास जागा नाहीं. या देशांत अनेक बुद्धिमान तरुण यामुळेंहि वकिलीकडे वळले असावेत.

नानाभाई फ्रामजी मूस हे १८९६ सालीं कुलाबा वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक झाले. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहानें सुया बिघडणार, हें ओळखून त्यांनीं चुंबकीय वेध अलिबागेस हलविण्याचें ठरविलें. अर्थात् छत्रे यांच्या नागांवच्या शेजारींच. नव्या इमारतींत लोखंड वापरलें नाहीं. १९०४ पासून दोन वर्षें कुलाबा व अलिबाग अशा दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले. जुन्या सुईची चूक नवीनें व नव्या सुईची जुनीनें ओळखावी, अशी ती व्यवस्था. मगच कुलाब्याचें काम थांबलें. अलिबागेचें केंद्र आजहि चालू आहे. तें ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, ती १९७१ सालीं स्थापन झाली व तिचें मुख्य ठाणें याच जिल्ह्यांत पनवेलीस आहे. तेथें डॉक्टरेटसाठीं संशोधन करणाऱ्या मुलामुलींपुढें १८४१ पासूनचे आंकडे असतात, आणि बाजूला ते वाचावयास शिकविणारा कोणीतरी.