पाठीवरचा आकडा

मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या मैदानावर घोड्यांची शर्यत तुम्ही पाहिली असेल, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. स्वाराच्या अंगातला तो रंगीबेरंगी सदरा त्याचा स्वतःचा नसतो. तो घोड्याच्या मालकाचा रंग. आणि नंबर असतो तो स्वाराच्या अंगावर नव्हे, तर खोगिराखालच्या कापडावर. हातातल्या पुस्तकात तो नंबर शोधायचा, की घोडा कोणता, मालक कोण, सारे काही उलगडते.

पण घोड्यांचा खेळ शर्यतीपुरताच थोडाच आहे? त्याची दुसरी एक तऱ्हा आहे. तिला इंग्रजीत ‘हॉर्स शो’ म्हणतात. आपण अश्वप्रदर्शन म्हणू. इथे कोण आधी पोचला हे पाहायचे नसते. कोण कसा बसला, घोडा कसा चालला, अडथळ्यावरून उडी कशी घेतली, हे पाहायचे असते. कधी एकेक स्वार रिंगणात येतो, तर कधी वीस-पंचवीस जण एकदम फेर धरतात आणि परीक्षक त्यांच्याकडे निरखून पाहत असतो. स्वारांचा थाट काय वर्णावा! चकचकीत बूट, मखमली टोपी, अंगाला चापून बसलेला लोकरी कोट. आणि अशा त्या देखण्या कोटावर, पाठीमागे अगदी कमरेशी, पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक चौकोनी तुकडा नाडीने बांधलेला! त्यावर ठळक आकडा, सत्तेचाळीस म्हणा, की एकशे बारा म्हणा. शालू नेसवावा आणि त्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच ठेवावी, तसा हा प्रकार दिसतो.

हा तुकडा तिथे आला कशासाठी, याची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे. वस्तू चार बोटांची, पण तिच्यामागे प्रश्न मोठा आहे. माणसाची परीक्षा घेताना त्याचे नाव-गाव आणि हुद्दा विचारायचा, की त्याचे काम पाहायचे?

आधी कोटाकडे वळू. हा कोट रिंगणासाठी जन्मला नाही. तो जन्मला शिकारीसाठी. इंग्लंड-आयर्लंडात कुत्र्यांचा ताफा घेऊन कोल्ह्याच्या मागे घोडे फेकायचे, ही तिथल्या जमीनदारांची हौस. थंडी-पावसात टिकावा म्हणून कापड जाड लोकरीचे. खोगिरावर बसल्यावर दोहों बाजूंना नीट पडावा म्हणून मागे फाटा दिलेला. पुष्कळ मंडळींचा रंग तांबडा. प्रत्येक शिकारी मंडळाची बटणे निराळी, त्यांवर मंडळाची खूण कोरलेली. कुठे कॉलरचा रंगही ठरलेला. म्हणजे काय, की कोट पाहताच माणूस कोणत्या मंडळाचा हे कळायचे. सगळे एकमेकांना ओळखणारे, पिढ्यान्पिढ्यांचे शेजारी. तिथे नंबर हवा कुणाला? म्हणूनच त्या कोटावर नंबर लावायला जागाच ठेवलेली नाही. तो बाहेरून बांधावा लागतो.

मग काळ बदलला. 1868 साली रॉयल डब्लिन सोसायटीने आयर्लंडात आपले पहिले अश्वप्रदर्शन भरवले, लेन्स्टर हाउसच्या हिरवळीवर. ही संस्था शेतीसुधारणेच्या कामातली. जनावरांची पैदास सुधारावी, खरेदी-विक्री वाढावी, हा तिचा हेतू. घोडे हाताने धरून फिरवायचे आणि लोकांनी पाहायचे. गाढवे आणि खेचरेसुद्धा त्यात होती बरे का! लवकरच उंच उडी आणि लांब उडीच्या चढाओढी त्यात आल्या. शिकारीसाठी घोडा घ्यायचा, तर तो कुंपण ओलांडतो की नाही हे पाहायला नको? 1881 साली हे प्रदर्शन बॉल्सब्रिजला गेले. 1883 साली न्यूयॉर्कला असेच प्रदर्शन सुरू झाले आणि 1907 साली लंडनला ऑलिंपिया सभागृहात आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. आता कुंपणापलीकडे उभे असलेले हजारो लोक ना स्वाराला ओळखत, ना घोड्याला. त्यांच्या हाती छापील कार्यक्रमपत्रिका, आणि पत्रिकेतले नाव रिंगणातल्या माणसाशी जुळवून देणारी एकच खूण: नंबर.

ओळखीच्या घरात पाटी लागत नाही. अनोळखी माणसे जमली, की ती लागते.

पण नंबराचा उपयोग केवळ प्रेक्षकाला नाही; त्याहून मोठा उपयोग परीक्षकाला आहे. आपल्याकडची बोर्डाची परीक्षा आठवा. उत्तरपत्रिकेवर मुलगा नाव लिहीत नाही, बैठक क्रमांक लिहितो. पाटलाचा मुलगा असो, की पाटलाच्या गड्याचा. तपासणाऱ्यापुढे येतो तो फक्त आकडा. रिंगणातही तेच. परीक्षक पुटपुटतो, “सत्तेचाळीस, डावा पाय चुकला,” आणि शेजारचा लेखनिक तेवढेच टिपून घेतो. त्या कागदावर सरदार नसतो, सावकार नसतो.

आता तुम्ही विचाराल, हा आकडा बांधतात तरी कसा? वाटते तितके ते सोपे नाही. 1849 साली न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट या गृहस्थाने सेफ्टी पिनचे पेटंट घेतले आणि चारशे डॉलरला विकून टाकले. ती पिन अनेक खेळांत नंबर लावायच्या कामी आली. पण महागड्या कोटाला पिनेची भोके पाडायला कोण धजणार? म्हणून नाडीच बरी. पुठ्ठ्याच्या दोन भोकांतून ती ओवायची, कमरेभोवती घ्यायची आणि पुढे गाठ मारायची. गाठ दिसू नये म्हणून टोके बटणाखाली दडवायची. सैल बांधली तर पुठ्ठा वाऱ्याने फडफडतो आणि घोडा बिचकतो. फार आवळली तर कोटाला चुण्या पडतात आणि स्वाराला पाठ मोकळी ठेवता येत नाही. आपल्या बाराबंदीचे बंद बांधणाऱ्याला हे कसब नव्याने सांगायला नको. अलीकडे कोट हलक्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाचे झाले, तेव्हा लोहचुंबकाच्या बटणांनी नंबर चिकटवण्याची सोय निघाली.

खेळागणिक जागाही बदलते. घोडा माळरानावरून मैलोगणती पळवायचा असेल, तर प्रत्येक अडथळ्यापाशी वेगळा पंच बसलेला असतो. त्याला स्वार येतानाही ओळखू यावा आणि जातानाही; म्हणून छातीवर आणि पाठीवर दोन्हीकडे नंबर असलेले बिनबाह्यांचे वस्त्र कोटाऐवजी घालतात. घोड्याच्या संथ, तालबद्ध चालींची परीक्षा असते, तिला ड्रेसाज म्हणतात. तिथे नंबर बहुधा लगामावर किंवा खोगिराखालच्या कापडावर जातो.

मग नंबर नक्की कुणाचा, स्वाराचा की घोड्याचा? आपल्या मराठी फौजेत बारगीर सरकारी घोड्यावर बसे आणि शिलेदार स्वतःच्या घोड्यावर; घोडा कुणाचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मोठ्या प्रदर्शनात एकच स्वार एका दिवसात तीन-तीन घोड्यांवर बसतो. तेव्हा घोडा बदलला, की पाठीवरचा आकडाही बदलावा लागतो, आणि फाटकापाशी उभा असलेला मोतद्दार घाईघाईने नाडी सोडून नवा तुकडा बांधतो. 1921 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या नियमाने तर घोड्याला सबंध स्पर्धाभर एकच नंबर मिळतो, आणि तबेल्याबाहेर पाऊल टाकताना तो अंगावर असावाच लागतो. एका घोड्याच्या जागी दुसरा उभा राहू नये, हा त्यातला मतलब.

इथवर सगळे ठीक. आकडा म्हणतो, “तू कोण आहेस ते मी विचारत नाही.” पण आकड्याचा हा शब्द माणसांनी पाळला का? त्याची एक गोष्ट ऐका.

1948 साली लंडनचे ऑलिंपिक झाले. ड्रेसाजमध्ये स्वीडनच्या तिघांनी सांघिक सुवर्णपदक पटकावले: बोल्टेनस्टर्न, सेंट सीर आणि गेनेल पेर्सन. वैयक्तिक क्रमवारीत पेर्सन सहावा आला. त्या काळचा नियम असा, की लष्करातला स्पर्धक अधिकाऱ्याच्या हुद्द्याचाच हवा. त्याखालचे शिपाई-सार्जंट धंदेवाईक समजले जात. पेर्सन होता सार्जंट. स्पर्धेपुरते त्याला लेफ्टनंट केले होते आणि खेळ आटोपताच काही आठवड्यांत पुन्हा सार्जंट! ही गोष्ट उघडकीला आली आणि 1949 साली स्वीडनचे पदक काढून फ्रान्सला दिले गेले. घोडा तोच, बैठक तीच, परीक्षकांनी दिलेले गुणही तेच. पाठीमागून पाहिले तर खोट नव्हती; खोट निघाली खांद्यावरच्या फितीत.

नियम मोडला होता, हे खरे. पण तो नियमच माणसाच्या कसबाकडे पाठ फिरवणारा होता, हे लवकरच सर्वांना पटले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला तो राहिला नाही. तेच तिघे पुन्हा उतरले, पेर्सन आता उजळ माथ्याने. आणि पुन्हा सुवर्णपदक! 1956 साली तिसऱ्यांदाही तेच.

हेलसिंकीलाच दुसरे एक दार उघडले. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने ड्रेसाजमध्ये उतरता आले. डेन्मार्कची लिस हार्टेल 1944 साली पोलिओने आजारी पडली होती, तेव्हा ती गरोदर होती. गुडघ्याखाली पाय लुळे राहिले. घोड्यावर चढायला-उतरायला दुसऱ्याचा हात लागे. त्या बाईने ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून रौप्यपदक मिळवले, आणि सुवर्णपदक जिंकणाऱ्या सेंट सीरने तिला हात देऊन विजयमंचावर चढवले. 1956 साली अडथळ्यांच्या चढाओढीतही स्त्रिया आल्या. पॅट स्माइथ ब्रिटनच्या संघातून कांस्यपदक घेऊन गेली. सर्वांत खडतर अशा तीन दिवसांच्या कसोटीचे दार मात्र 1964 पर्यंत मिटलेलेच होते.

यात आपल्या ओळखीचेही एक नाव आहे. पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारे तिसरे आगाखान घोड्यांचे मोठे शौकीन. त्यांनी दिलेल्या चषकासाठी 1926 पासून डब्लिनला राष्ट्राराष्ट्रांचे संघ झुंजू लागले. पहिल्या वर्षी तो स्वित्झर्लंडने जिंकला. तिथेही 1949 पर्यंत संघात लष्करी अधिकारीच लागत. साध्या नागरिकाला प्रवेश नव्हता.

आणि आपण? 1982 साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत आपल्या रघुबीर सिंग यांनी तीन दिवसांच्या कसोटीत सुवर्णपदक मिळवले. मुंबईचा इम्तियाज अनीस 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकला उतरला. मग 2023 साली चीनमध्ये हांगझौला भारताच्या चौघांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक आणले, 1982 नंतर एक्केचाळीस वर्षांनी. सुदिप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. दोन मुली, दोन मुलगे! 1948 साली त्या मुलींना ऑलिंपिकच्या ड्रेसाजचे फाटक उघडले नसते.

तरी एक सांगून टाकतो. नंबर म्हणजे बुरखा नव्हे. नामांकित स्वार आणि गाजलेला घोडा परीक्षकाला आकड्याशिवायही ओळखू येतात. शेवटी भरवसा परीक्षकाच्या सचोटीवरच. आणि घोडा पाळायचा, त्याला शिकवायचा, दूरदेशी न्यायचा, तर पैसा लागतो. नाडी बांधायची वेळ येईपर्यंत किती जण मागे राहतात, याचा हिशेब त्या आकड्यात नसतो. बोर्डाच्या बैठक क्रमांकालाही हीच मर्यादा आहे, नाही का?

पण म्हणून तो आकडा खोटा ठरत नाही. कोट सांगतो, माणूस कुठून आला. आकडा सांगतो, या घटकेला ते विचारायचे नाही. एखादे अश्वप्रदर्शन पाहण्याचा योग आला, तर उड्या जरूर पाहा. पण स्वार फाटकातून आत शिरताना मोतद्दार त्याच्या पाठीची गाठ एकदा चाचपून पाहतो, तीही पाहा. ती नाडी साधी असली, तरी तिला धरून पुढे यायला माणसांना फार वर्षे लागली आहेत.