अगोरा : एका बाजाराच्या पोटातले शब्द

मागच्या व्याख्यानात आपण अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘कॅटेगरी’ या संज्ञेपाशी थांबलो होतो. मराठीत आपण तिला ‘पदार्थ’ म्हणतो, तो शब्द वैशेषिकांकडून घेतलेला. पण मूळ ग्रीक शब्द फोडून बघितला, तर त्याच्या पोटात चक्क एक बाजार निघतो. आज आपण त्या बाजारात, म्हणजे ‘अगोरा’ या शब्दात जाऊ.

कोशात अगोरा म्हणजे बाजार. होमरकडे मात्र हा अर्थ नाही. धातू आहे ‘अगेइरेइन’, म्हणजे जमवणे, गोळा करणे. अगोरा म्हणजे जमलेली माणसं, सभा, आणि मग सभेची जागा. ‘इलियड’च्या अठराव्या सर्गात अकिलिसच्या ढालीवर अशी एक अगोरा कोरलेली आहे. कुणाचा तरी खून झालाय, त्याच्या भरपाईवरून दोघांचा वाद चाललाय, गावकरी दोन्ही बाजूंनी ओरडतायत. म्हातारे घासलेल्या दगडांवर गोल बसलेत आणि मध्ये दोन टॅलेंट सोनं ठेवलंय. जो सर्वांत सरळ निवाडा देईल, त्याचं ते. सोनं आहे, पण कुणी काही विकत घेत नाही. ‘ओडिसी’त तरुण टेलेमॅकस इथाकात अगोरा बोलावतो, तेव्हा एक वृद्ध म्हणतो की ओडिसियस गेल्यापासून इथं सभाच भरली नव्हती. राजा नाही, म्हणून अगोरा नाही. बाजार काही वीस वर्षं बंद राहत नाही हो!

पुढे या एका नामातून दोन क्रियापदं निघाली. ‘अगोरेउइन’ म्हणजे सभेत बोलणे. ‘अगोराझेइन’ म्हणजे आधी नुसतं अगोरेत वावरणे, आणि नंतर विकत घेणे. यात आपल्याला नवल वाटायला नको. माणसं देवासाठी जमतात आणि रेवड्या-बांगड्यांची दुकानं आपोआप लागतात, हे आपण प्रत्येक जत्रेत बघतो. आपण ‘बाजार भरला’ म्हणतो ना, तसं ग्रीकही ‘भरलेली अगोरा’ म्हणत, आणि तेवढं म्हटलं की वेळ कळायची. सकाळ उलटून दुपार व्हायच्या आधीची वेळ.

अथेन्सच्या अगोरेला हद्द होती. इ.स.पू. 500 च्या सुमाराचे तिचे दगड उत्खननात सापडले आहेत. त्यांवर दगडच बोलतो, ‘मी अगोरेची सीमा आहे’. ज्याच्यावर खुनाचा आळ आहे, त्याला ही हद्द ओलांडून आत यायची मनाई होती. म्हणजे मासळी घ्यायची जागा, पण एका अर्थी सोवळ्यातली. आणि याच सोवळ्या जागेत गुलाम म्हणून माणसंही विकली जात, हेही विसरून चालणार नाही.

बाहेरच्यांना हे मिश्रण कसं दिसत होतं? हिरोडोटस सांगतो की इराणचा सम्राट सायरस ग्रीकांची टर उडवायचा. शहराच्या मधोमध एक जागा राखून तिथं शपथा घेऊन एकमेकांना फसवणाऱ्या लोकांना मी काय घाबरू, असा त्याचा रोख. इराण्यांकडे बाजारच नसतो, अशी पुस्तीही हिरोडोटस जोडतो. गंमत बघा, आज निम्मं जग, आपल्यासकट, ज्या शब्दाने बाजार म्हणतं तो शब्द फारसीच आहे.

ग्रीक विचारवंतही काही कमी नाकं मुरडत नसत. ‘अगोराइओस’ म्हणजे अगोरेतला माणूस, ही शिवीच झाली. आपलं ‘बाजारू’ तसंच, किंवा मराठी फौजांमागून फिरणारे ‘बाजारबुणगे’. अ‍ॅरिस्टॉटल ‘राज्यशास्त्रा’त सुचवतो की अगोरा दोन असाव्यात : एक खरेदी-विक्रीची, दुसरी ‘मुक्त’. त्या मुक्त अगोरेत शेतकऱ्याने, कारागिराने बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मला हे पटत नाही. सॉक्रेटिस बोलायचा कुठे? आपल्या बचावाच्या भाषणात तो न्यायाधीशांना सांगतो की अगोरेत सराफांच्या मेजांपाशी मी जसा बोलतो तसाच इथं बोलेन. अ‍ॅरिस्टॉटलचा आराखडा आधीच अमलात आला असता, तर ते बोलणं कारागिरांच्या कानावर पडलं नसतं. झेनोच्या अनुयायांना ‘स्टोइक’ म्हणतात, तेही अगोरेच्या कडेच्या चित्रांकित ओसरीवरून, स्टोआवरून.

आता ‘कॅटेगरी’कडे. ‘काता’ म्हणजे विरुद्ध, आणि पुढे तेच अगोरेतलं बोलणं. ‘कातेगोरिया’ म्हणजे कुणाविरुद्ध चारचौघांत बोलणे, फिर्याद. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसवर झाली ती हीच. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ संवादात तो त्या फिर्यादीसाठीच ‘राजाच्या ओसरी’पाशी आलेला दिसतो. ही ओसरी अगोरेतच 1970 साली उत्खननात सापडली. पुढे अ‍ॅरिस्टॉटलने हा कोर्टकचेरीतला शब्द तर्कशास्त्रात आणला. सॉक्रेटिसवर गुन्हा ठेवणे आणि सॉक्रेटिसविषयी ‘तो माणूस आहे’, ‘तो गोरा आहे’ असं विधान करणे, दोन्हींना एकच क्रियापद.

आपल्याकडे याची नेमकी उलटी वाट झाली आहे. संस्कृतात ‘आरोप’ म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा धर्म चढवणे. दोरीवर साप दिसतो, तो वेदान्त्यांचा अध्यारोप. मराठीत येईतो तो थेट पोलीस चौकीत गेला. ग्रीक शब्द फिर्यादीतून विधानाकडे आला, आपला शब्द ज्ञानमीमांसेतून फिर्यादीकडे. कुणाविषयी काही म्हणणं आणि कुणावर काही ठेवणं यांत अंतर किती थोडं आहे, हे दोन्ही भाषांना आपापल्या परीने जाणवलेलं दिसतं.

आजच्या ग्रीकमध्ये ‘अगोरा’ म्हणजे बाजार किंवा खरेदी, आणि ‘अगोराझो’ म्हणजे मी विकत घेतो, एवढंच. बोलण्याचं ते जुनं क्रियापद त्या अर्थाने रोजच्या तोंडी राहिलेलं नाही. पण अथेन्समध्ये हिंडताना ते भिंतीभिंतीवर भेटतं, ‘अपो’ हा उपसर्ग लावून. ‘अपागोरेवेते’. म्हणजे मनाई आहे : धूम्रपानाला, गाडी लावायला, आत यायला.