अंडाशयातला गलगंड

गलगंड म्हटला की आपले लक्ष गळ्याकडे जाते. पण छातीत धडधड, थरथरणारे हात, घटणारे वजन अशी थायरॉइडच्या अतिस्रावाची सगळी लक्षणे असूनही गळ्यात काहीच सापडले नाही तर? क्वचित अशा स्त्रीच्या अंडाशयातली गाठ थायरॉइडचे काम करत असते. तिला 'स्ट्रुमा ओव्हरी', म्हणजे अंडाशयाचा गलगंड, म्हणतात.

१८८९ मध्ये ब्योटलिन यांना अंडाशयात थायरॉइडसारख्या पुटिका दिसल्या. १८९९ मध्ये गॉटशाल्क यांनी अशा गाठीचे सविस्तर वर्णन केले, पण तो अंडाशयातल्या घातक गाठीचा नवाच प्रकार असावा असे त्यांना वाटले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस लुडविग पिक यांनी खुलासा केला: ही टेराटोमाची गाठ आहे. टेराटोमात केस, दात, त्वचा अशा नाना ऊती असतात. इथे थायरॉइडची ऊती बाकीच्यांवर मात करून वाढलेली असते.

पण अंडाशयात दात येतात कुठून? १९७५ मध्ये लिंडर आणि सहकाऱ्यांनी आनुवंशिक खुणा तपासून दाखवले, की या गाठी फलन न झालेल्या एका जननपेशीपासून वाढतात. म्हणजे गळ्यातली थायरॉइड खाली सरकत नाही. ती तिथेच घडते.

सोनोग्राफीत ही गाठ इतर गाठींसारखीच दिसते. म्हणून पक्के निदान बहुधा शस्त्रक्रियेनंतर, सूक्ष्मदर्शकाखाली होते. गाठ संप्रेरक सोडत असेल तर मात्र आधीच सुगावा लागू शकतो. रक्तात संप्रेरक वाढले की पियुषिका ग्रंथी थायरॉइडला चालना देणे थांबवते आणि गळ्यातली ग्रंथी सुस्तावते. अशा वेळी किरणोत्सारी आयोडीन दिले तर ते गळ्याऐवजी ओटीपोटात साठलेले दिसते.

बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात; गाठ काढली की काम भागते. म्हणूनच नेमके निदान मोलाचे. घातक समजून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेत तरुण स्त्री मातृत्वाला कायमची मुकू शकते.

थोड्या गाठी खरोखरच कर्करोगाच्या निघतात. तो पसरला असेल तर किरणोत्सारी आयोडीनच उपचार ठरते. थायरॉइडच्या अतिस्रावावर ते प्रथम १९४१ मध्ये बोस्टनला सॉल हर्ट्‌झ यांनी वापरले. पण या रुग्णांत त्याआधी गळ्यातली निरोगी थायरॉइड काढावी लागते. का बरे? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. आयोडीन कोण ओढून घेते हे आठवले, की उत्तर मुले स्वतःच देतील.