दोन खण आणि एक पुरशीस

आमच्या घरात पणजीबद्दल एकच वाक्य सांगितलं जायचं : "तिनं आपणहून सगळं दिराला सोडलं." पणजी म्हणजे माझ्या आईच्या आईची आई. नवरा लवकर गेला, मुलगा नाही, पदरात एक मुलगी. ती मुलगी म्हणजे माझी आजी. तिच्या तोंडून मात्र हे वाक्य ऐकल्याचं मला आठवत नाही. सांगायचे ते बाकीचे.

गेल्या वर्षी एका रविवारी 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर गावाचे जुने फेरफार मोबाइलवर चाळत होते. तिथे कागद स्कॅन करून ठेवलेत. अक्षर किरटं, झूम केलं की फुटतं. एका नोंदीत पणजोबा मयत, सबब भावाचं नाव दाखल, असं होतं. इथपर्यंत ठीक. पण शेऱ्यात आणखी एक ओळ होती : मयताच्या विधवेनं कोर्टात केलेला वारसाचा किरकोळ अर्ज तडजोडीनं निकाली. पुढे अर्जाचा नंबर आणि साल, १९३७.

जिनं आपणहून सगळं सोडलं ती कोर्टात कशाला गेली?

मी आधी चुकीच्या ठिकाणी शोधत होते. वंशावळ शोधणारे अमेरिकन लोक यूट्यूबवर सांगतात की काउंटीच्या कोर्टात जा, प्रोबेटची फाइल मागा, तिच्यात सगळं घर सापडतं. म्हणून मीही 'प्रोबेट' हाच शब्द घेऊन फिरत होते. पण आपल्याकडे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, ही मुळात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांची गोष्ट. १७२६ च्या सनदेनं मुंबईत मेयर्स कोर्ट आलं आणि त्याला प्रोबेट देण्याचा अधिकार मिळाला. मग १७९८ मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट, १८२३ च्या सनदेनं सुप्रीम कोर्ट, १८६२ मध्ये हायकोर्ट. कोर्टांच्या पाट्या बदलल्या, हे काम तसंच पुढे गेलं. कंपनीच्या चाकरीत इथे मेलेल्या इंग्रजांच्या मृत्युपत्रांच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. एखाद्या मामुली साहेबाचे चमचे आणि घोडे कुणाला गेले ते घरबसल्या वाचता येतं. आपल्या पणजोबांचं तसं नाही.

याचं कारण निव्वळ हेळसांड नाही. धर्मशास्त्रात मृत्युपत्र नव्हतंच. एकत्र कुटुंबात माणूस गेला की त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांत आपोआप मुरायचा, आणि तो हिस्सा मृत्युपत्रानं दुसऱ्याला द्यायची सोय १९५६ पर्यंत नव्हती. लिहून देता यायचं ते फक्त स्वकष्टार्जित. अशी कमाई मुंबईत जास्त होती, म्हणून १८७० चा हिंदू विल्स अ‍ॅक्टही आपल्या बाजूला मुंबई शहरापुरताच आला. पुढे १९२५ चा भारतीय वारसा कायदा आला. त्याचं कलम २९४ माझं आवडतं आहे. प्रोबेट दिलेली अस्सल मृत्युपत्रं कोर्टानं आपल्या दप्तरात जपून ठेवावीत, असं ते सांगतं. कधीपर्यंत? मृत्युपत्रांचं सार्वजनिक नोंदणीघर स्थापन होईपर्यंत! आम्ही कोडमध्ये 'हे तात्पुरतं आहे, नंतर नीट करू' अशी कॉमेंट टाकतो आणि ती प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षं राहते. हिला शंभर झाली.

मुंबईबाहेर, मुफसलात, वेगळा रस्ता होता. एल्फिन्स्टनच्या काळात १८२७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी जे कायदे एकत्र केले गेले त्यांतला आठवा रेग्युलेशन वारसांना कोर्टाची मान्यता देण्याबद्दल आहे. अर्ज करायचा, कोर्ट जाहीरनामा काढणार, महिन्याभरात कुणी हरकत घेतली नाही तर वारस दाखला. हा रेग्युलेशन महाराष्ट्रात अजून चालतो. घरातलं कुणी गेल्यावर तुमच्या काकांनी कोर्टातून 'वारस दाखला' आणला असेल तर तो बहुधा याच्याखालीच. म्हणजे सातारा-पुण्याकडच्या घराचा कागद शोधायचा तर 'प्रोबेट' नाही, 'किरकोळ अर्ज' म्हणायचं. एवढं कळायला मला दोन महिने लागले. (गोव्याचं गणित आणखी निराळं. तिथे पोर्तुगीज कायद्यातून आलेली इन्व्हेंटरीची कार्यवाही आहे.)

नंबर हातात होता, पण कोर्ट कुठलं? आजचा जिल्हा तेव्हाचा असेलच असं नाही. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके १९३७ मध्ये सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. सांगली शहर तर तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानात, म्हणजे कोर्टही संस्थानचं. आमच्या गावाचं असंच काहीतरी होतं. पहिल्या दप्तरखान्यात नकार मिळाला, दुसऱ्यात रजिस्टर सापडलं. दरम्यान एक धाकधूक होतीच. कोर्टाचे सगळे कागद कायम ठेवत नाहीत. ठरावीक वर्षांनी काय नष्ट करायचं याचे नियम हायकोर्टांनी करावेत असा कायदा १९१७ मध्येच झालेला आहे. निकाल टिकतो, साक्षी-पुरावे जाऊ शकतात.

प्रमाणित नकलेचा अर्ज साधा असतो : पक्षकारांची नावं, नंबर, साल, निकालाची तारीख माहीत असेल तर ती, कोर्ट फी स्टॅम्प. आपण पक्षकार नसलो तर नक्कल का हवी ते प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं. मी सोबत वंशावळ जोडली. नकला विभागातल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "जमिनीचा वाद आहे?"

"नाही. वाचायचंय फक्त."

"वाचायला?" त्यांनी शेजारच्या टेबलाकडे बघितलं. मग माझ्याच पेनानं कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक माहितीसाठी' असं लिहिलं आणि म्हणाल्या, "सापडलं तर मलापण सांगा काय होतं ते."

तिसऱ्या खेपेला मिळालं. जेमतेम चौदा पानं.

पणजीचा अर्ज जूनमधला. नवरा जानेवारीत वारला. अर्जात म्हणणं असं की तो भावापासून विभक्त होता, चूल वेगळी, देणंघेणं वेगळं. दिराचा जबाब असा की कुटुंब एकत्र, चूल एक, विधवेला हक्क फक्त अन्नवस्त्राचा. सगळा खटला चुलीवर होता, आणि ते बरोबरच आहे. विभक्त नवऱ्याला मुलगा नसेल तर त्याची मिळकत हयातीपुरती का होईना बायकोला मिळायची. एकत्र असेल तर सगळं भावाला. वाण्याची खतावणी तिनं हजर केली होती. तिच्यात नवऱ्याचं खातं वेगळं. त्या पानावर कोर्टानं 'निशाणी' म्हणून क्रमांक टाकलाय. कोर्टाच्या मराठीत पुराव्याच्या कागदाला निशाणी म्हणतात. अर्जाखाली सहीच्या जागीही 'निशाणी' आहे, पण ती तिची : शाईनं काढलेली एक बांगडी. जुन्या कागदांवर कुणब्याची नांगर आणि बाईची बांगडी असायची हे मी वाचलं होतं. बघितली पहिल्यांदाच. गोल नीट जुळलेलासुद्धा नाही.

आता तारखा बघा. हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कांचा कायदा १४ एप्रिल १९३७ ला लागू झाला. त्यानं एकत्र कुटुंबातल्या विधवेलाही नवऱ्याचा हिस्सा हयातीपुरता दिला. पण नवरा त्या तारखेनंतर वारला असेल तरच. पणजोबा तीन महिने आधी गेले. (शेतजमिनीचा आणखी घोळ होता. हा कायदा शेतीला लागू नाही असं फेडरल कोर्टानं १९४१ मध्ये सांगितलं.) चूल वेगळी होती हे सिद्ध करण्यावाचून तिच्यापुढे रस्ता नव्हता.

ते सिद्ध झालं की नाही हे कधीच ठरलं नाही. चार तारखांनंतर तडजोड पुरशीस आली. दिरानं तिला राहायला घराचे दोन खण द्यावेत, ते तिच्या हयातीपर्यंत. अन्नवस्त्रासाठी वर्षाला साठ रुपये. मुलीच्या लग्नाचा खर्च त्यानं करावा. तिनं अर्ज काढून घ्यावा. खाली 'वाचून दाखविली, समजली, कबूल', आणि पुन्हा ती बांगडी. या वेळी गोल जुळलाय.

'आपणहून सोडलं' हे कुठे जन्मलं ते या पानावर कळतं. 'अर्ज काढून घेतला' याचं पुढच्या पिढ्यांनी सोयीस्कर भाषांतर केलं. माझ्या मते तिनं सोडलं काहीच नाही. हातात फारसं काही नसताना जे पदरात पाडता येईल ते पाडलं, आणि मुलीचं लग्न लिहून घेतलं.

आणखी एक गोष्ट मला वकील मैत्रिणीनं सांगितली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १४ असं की अन्नवस्त्रापोटी बाईला मिळालेली आणि तिच्या ताब्यात असलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची होते. कागदात 'हयातीपर्यंत' असं लिहिलेलं असलं तरी, हे सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्ये तुलसम्मा खटल्यात स्पष्ट केलं. तोही तडजोडीतूनच आलेला खटला. पणजी १९६१ मध्ये गेली. म्हणजे शेवटची पाच वर्षं ते दोन खण तिचे होते, आणि तिच्यामागे आजीचे. कुणाला माहीत नव्हतं. ती गेल्यावर दिराच्या मुलांनी कुलूप लावलं आणि आजीनं किल्ली देऊन टाकली.

मी यावर काही दावा लावणार नाही. ते घर आता पडलंय. चौदा पानांचे फोटो आईला पाठवले आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला. ती बराच वेळ बांगडीवरच थांबली होती. मग म्हणाली, "त्या दोन खणांतल्या आतल्या खणात माझा जन्म झालाय. बाहेरच्यात चूल होती. वेगळी."