चांदीवरची कुळी

नरसी नामदेव गावाच्या शेजारी, हिंगोलीत, हैदराबाद कंटिंजंट या फौजेची मोठी छावणी होती. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडली आणि तिच्या पलटणी ब्रिटिश हिंदी फौजेत मिसळल्या. अशा छावण्यांच्या मेसमध्ये चांदीच्या गळ्याच्या काचेच्या सुरया टेबलावर असत. अधिकारी बदलून गेला किंवा वारला की सामानाचा लिलाव व्हायचा. तिथून वस्तू हातोहात फिरत राहत, आणि कधी मुंबईच्या चोर बाजारात येऊन थांबत.

अशी सुरई हाती आली की मी काच नंतर बघतो. काच कुणाचीच राहत नाही. खरे बोलते ती चांदी. गळपट्टीवर बारीक ठशांची ओळ असते. चालता सिंह म्हणजे इंग्लंडमध्ये तपासलेली ९२.५ टक्के चांदी. नांगर दिसला तर बर्मिंगहॅम, मुकुट दिसला तर शेफील्ड. दोन्ही गावांना तपासणीचा हक्क १७७३ मध्ये मिळाला. सालाचे अक्षर लंडनमध्ये १४७८ पासून आहे, दरवर्षी बदलणारे. राजा-राणीचे मस्तक ही कर भरल्याची खूण १७८४ ते १८९० एवढीच चालली, त्यामुळे ही कराची खूण असेल तर वस्तू १८९० नंतरची नाही. आपल्याकडच्या चांदीला अशी सक्तीची तपासणी नव्हती. भूजच्या ओमरसी मावजींसारख्या कारागिराने स्वतःचा ठसा मारला तर मारला, नाहीतर घडणावळीवरूनच ओळखायचे.

पण हे सगळे ठसे गाव, साल आणि कारागीर सांगतात, मालक नाही. मालक कळतो तो कोरलेल्या आद्याक्षरांवरून, घराण्याच्या चिन्हावरून, पलटणीच्या नावावरून. इथे आपल्या घरातल्या पितळी घागरी मला जास्त प्रामाणिक वाटतात. काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले, आणि आहेराची असेल तर देणाऱ्याचेही. कासाराचा पत्ता नाही, पण मालकाचा आहे.

दुःख होते ते नाव घासून काढलेली चांदी बघून. कोरी वस्तू चांगली खपते म्हणून विकणारे नाव उडवतात आणि एका घराचा पुरावाच पुसून टाकतात. तरी तो पुरता जात नाही. घासलेल्या जागी पत्रा पातळ झालेला असतो. अंगठा हलकेच फिरवला की खळगा लागतो. तोंडाची वाफ सोडली तर कधी कधी जुन्या अक्षरांच्या रेषा क्षणभर उमटतात. तेवढ्यात जे वाचता येईल ते लगेच टिपून घ्यावे.

मग काच. पुष्कळ जुन्या सुरयांच्या बुचावर आणि गळ्याच्या आत एकच बारीक आकडा कोरलेला असतो, घासून बसवलेली जोडी चुकू नये म्हणून. आकडे जुळले नाहीत तर बूच दुसऱ्या सुरईचे आहे, आणि पट्टीवरच्या नावाशी त्याचा संबंध लावता येत नाही.