बाभळीचा दांडू

दांडू बाभळीचाच हवा, असं आबांचं ठाम मत होतं. लिंबाचा हलका पडतो आणि बोरीचा लवकर चिरतो, म्हणत. तोडलेली फांदी ते गोठ्याच्या आढ्याला अडकवून वाळवत, मग विळ्यानं साल काढून हातभर लांबीचा दांडू करत. विटी बोटभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती. ती दगडावर आपटून ते कान देऊन ऐकत. आवाज बद्द आला की विटी चुलीत जायची. ही पारख आता कुणाकडे आहे, मला ठाऊक नाही.

खेळ सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेला असेल. जमिनीत लांबट गल खणायची, तिच्यावर विटी आडवी ठेवायची आणि दांडूनं कोलायची. कुणी झेलली तर गडी बाद. नाही झेलली, तर समोरच्यानं तिथून विटी फेकून गलीवरचा दांडू टिपायचा. तो हुकला की मग टोले. विटी जिथं पडेल तिथून गलीपर्यंत दांडूनं मोजत यायचं: वकट, लेंड, मूंड, नाल, असं करत झकूपर्यंत. ज्या आकड्यावर मोजणी थांबेल, त्याप्रमाणे पुढचा टोला. कधी पायाच्या पंजावरून, कधी मुठीवरून, कधी कोपरावरून, आणि एक तर चक्क डोळ्यावर विटी ठेवून. प्रत्येक गावाची तऱ्हा थोडी वेगळी. शेजारच्या गावाशी डाव ठरला, की अर्धी दुपार नियमांच्या भांडणातच जायची.

आमचं गाव निलंग्याकडचं. १९५६ पर्यंत हा मुलूख बीदर जिल्ह्यात, निजामाच्या जुन्या राज्यातला. कानडी आणि तेलुगू दोन्ही हाकेच्या अंतरावर. त्या मोजणीत तेलुगूचे आकडे आहेत हे मला फार उशिरा कळलं, पण आबांना त्याचं काही नवल नव्हतं. बाजाराला येणाऱ्या बैलवाल्यांकडून ते आकडे त्यांच्या कानावरून लहानपणीच गेले होते.

१९४८ साली रझाकारांच्या भीतीनं आमच्याकडची पुष्कळ घरं रातोरात सोलापूरच्या बाजूला निघाली. आबा तेव्हा दहाएक वर्षांचे. बैलगाडीत भांडी, धान्याची पोती आणि कडबा, आणि कडब्यात आबांनी खुपसलेला दांडू. निदान आबा तरी असंच सांगत. त्यांची थोरली बहीण, आमची आक्काआजी, मान हलवायची. "आरं, तुझ्या अंगावर धड सदरा नव्हता, दांडू कुठला? तिथं जाऊन तोडलास की!" खरं काय ते दोघांनाच माहीत. पण पुढच्या गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. परक्या गावात पोरं जवळ येऊ देईनात. आबा नुसते बघत उभे. मग एकानं मोजायला घेतलं, वकट, लेंड, आणि पुढचे आकडे आबांनी लांबूनच म्हणून टाकले. सरहद्द ओलांडून आलेल्या पोराला तेच आकडे येतात म्हटल्यावर त्यांनी त्याला गड्यात घेतलं. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, राज्य खालसा झालं, लोक परतले. तिथला एक मित्र मात्र आबांच्या लग्नाला सुद्धा आला होता.

आक्काआजी स्वतः फार चांगली खेळायची म्हणे. लुगडं अंगावर आलं आणि तिचा खेळ सुटला. तुकोबांच्या गाथेत हुतुतू, टिपरी, फुगडी यांच्या शेजारी विटूदांडूही आहे, हे ती मोठ्या अभिमानानं सांगायची. देवानं खेळलेला खेळ बाईमाणसानं का खेळू नये, असं ती म्हणाल्याचं मला पुसटसं आठवतं.

येळवशीला मात्र तिला कुणी अडवत नसे. मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं गाव रानात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली थंडगार आंबील. आक्काआजीच्या भज्जीत हिरव्या चिंचेचा आंबटपणा असा काही उतरायचा की अजून तोंडाला पाणी सुटतं. जेवणं झाली की बांधाशेजारच्या पडीक तुकड्यात डाव मांडायचा. विटी उभ्या ज्वारीत गेली तर एकट्यानंच आत शिरायचं, आणि एकही ताट न मोडता बाहेर यायचं. हा नियम आबांचा. तो मोडला, तर दिवसभर राज्य.

हा खेळ क्रिकेटनं मारला, असं सरसकट म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. हुतुतूची कबड्डी झाली, तिला आखलेलं मैदान आणि नियमांचं पुस्तक मिळालं, १९९० साली ती बीजिंगच्या आशियाई स्पर्धेतही गेली. खो-खोलाही शाळांनी जवळ केलं. विटीदांडूला मैदान फार मोठं लागतं, आणि उडालेली विटी डोळ्याला लागते हे खरंच आहे. शाळा आणि आया दोघींनीही त्याला दूर ठेवलं, त्यात त्यांची चूक नव्हती. १९८३ नंतर आमच्याकडेही धुण्याच्या मोगरीची बॅट झाली, ते त्यावरचं शेवटचं.

तरी एकदा तो परत आला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या गावात माणसं वाचली, माळवदाची घरं गेली. पत्र्याच्या शेडमध्ये लेकरं रात्री दचकून उठायची, शाळा बंद. आबांनी पडक्या घराच्या ढिगातून सराचा एक तुकडा ओढून काढला. बाभळीचा हट्ट त्या वर्षी त्यांनी सोडला. पणजोबांनी घातलेल्या सराचे दांडू झाले. म्हातारी माणसंसुद्धा शेडमधून उठून मोजायला यायची. पुढं सरळ रस्त्यांची नवी वसाहत झाली, जुने शेजार पांगले, आणि डाव पुन्हा मांडले गेले नाहीत.

आता आबा नाहीत, आक्काआजीही नाही. गेल्या येळवशीला धाकट्या पुतणीनं दांडू मागितला. मी विटीची टोकं घासून बोथट केली आणि बघ्यांना लांब बसवलं. मोजताना सहाव्या आकड्याला ती अडली. आबा तिथं 'वेद' म्हणत, आक्काआजी 'बेल', आणि दोघांनी तो वाद कधीच मिटवला नव्हता. मी दोन्ही सांगितले. तिनं दोन्ही घेतले, एकापुढं एक. आमच्या घरात आता झकू आठव्या दांडूला येतो.