ओंजळभर पाण्याचं कारंजं

आमच्या दिवाणखान्यात एका लहानशा मेजावर दगडी कारंजं आहे. वीत-दीड वीत उंच. एकाखाली एक अशा तीन पाकळीदार वाट्या, वरच्या वाटीच्या मधोमध एक भोक, त्यातून पाणी उमटतं आणि पाकळ्यांवरून खाली उतरत जातं. वास्तुशांतीला भाच्याने आणून दिलं. सोबतच्या कागदावर ते ईशान्य कोपऱ्यात ठेवलं तर घरात काय काय येईल याची यादी होती. आमच्या ईशान्येला कपाट आहे, म्हणून ते नैऋत्येला बसलं. त्याने घरात आलं ते एवढंच, की पहिले काही महिने प्रत्येक पाहुणा बसल्या बसल्या विचारायचा, "नळ उघडा राहिलाय का हो?"

एके दिवशी त्याचा आवाज बदलला. खळखळ जाऊन नुसती पिचपिच राहिली, आणि दोन दिवसांनी तीही थांबली. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. यंत्राला हात लावायची सवय नाही. तरी वाट्या उतरवून पाहिल्या. तळाच्या कुंडात काडेपेटीहून थोडी मोठी अशी प्लॅस्टिकची डबी निघाली. आत तारेचं वेटोळं राळेत पक्कं बंद केलेलं आणि एक छोटं लोहचुंबक, त्याला पाती. वीज तारेत फिरते, चुंबक पाण्यातच गरगरतं, आणि पाती पाणी वर ढकलतात. वीज आणि पाणी यांची गाठच पडत नाही. चार-पाच वॅटचा खर्च, आणि पाणी हातभर उंच चढतं. तेच ओंजळभर पाणी दिवसभर वर जातं, खाली येतं, पुन्हा वर जातं.

ती डबी हातात घेतली तेव्हा मनात आलं, की आजवर जेवढी ऐतिहासिक कारंजी मुलांना शिकवली, त्यांतल्या एकाकडेही ही सोय नव्हती. मग ती उडत कशी होती?

उत्तर एका ओळीचं आहे. पाणी जिथून सोडलं त्या उंचीच्या वर ते उडत नाही. वाटेतल्या घर्षणामुळे उलट थोडं कमीच उडतं. म्हणजे घरात हातभर कारंजं उडवायचं, तर घरापेक्षा उंच जागी पाणी साठवलेलं हवं आणि तिथून घरापर्यंत बंद वाट हवी. कारंज्याचा कोरीव दगड ही त्या वाटेची शेवटची वीतभर जागा. आपण पाहायला जातो ती तेवढीच.

दिल्लीच्या लाल किल्ल्यातला रंगमहाल आठवा. शाहजहानने हा किल्ला १६३९ ते १६४८ या काळात बांधवला. रंगमहालाच्या मधोमध जमिनीत संगमरवराचं एक उमललेलं कमळ कोरलेलं आहे. घराच्या आतलं दगडी कारंजं म्हणून याहून देखणं उदाहरण मला ठाऊक नाही. कमळ मुद्दामच उथळ आहे. त्यात पाणी भरून थरथरू लागलं की पाकळ्याच हलताहेत असं वाटावं, ही योजना. मधोमध हस्तिदंती तोटी होती असं सांगतात. पाणी यायचं ते नहर-ए-बहिश्त या पाटातून. उत्तरेच्या शाहबुर्जापासून निघालेला हा पाट हमाम, दिवाण-ए-खास, खासमहाल असा एकेका दालनाच्या पोटातून रंगमहालात येई. किल्ल्यात आणि शहरात खेळलेलं हे पाणी यमुनेचं. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने काढलेला कालवा बुजून गेला होता; तो शाहजहानच्या काळी अली मर्दान खानाच्या देखरेखीखाली नीट करून दिल्लीपर्यंत आणला गेला. एका कमळासाठी एवढं सगळं नव्हतं, हे खरं. शहर प्यायचं, बागा भिजायच्या, आणि त्यातलंच थोडं पाणी कमळात खेळून पुढे जायचं.

१७६० साली सदाशिवरावभाऊ दिल्लीत शिरले तेव्हा फौजेच्या पगारासाठी दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून वितळवलं गेलं, हे आपण वाचलेलं असतं. १८५७ नंतर रंगमहालात इंग्रज अधिकाऱ्यांची खाणावळ बसली. चांदी गेली, हस्तिदंत गेला, पाट कोरडा पडला. कमळ मात्र जागच्या जागी आहे. दगड वितळवून कोणाचा पगार भागत नाही, हे त्याचं नशीब.

उलट बाजूचं उदाहरण युरोपात सापडतं. मेजावरचं कारंजं ही कल्पना आपल्याला वाटते तेवढी नवी नाही. चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या श्रीमंतांकडे अशी कारंजी असत. पण ती धातूची. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयात त्यांतलं एक आहे: पॅरिसमध्ये घडवलेलं, चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेलं, मीनाकाम केलेलं, जवळपास फूटभर उंचीचं. पाण्याच्या धारा छोट्या चक्रांवर पडत आणि चक्रांच्या घंट्या वाजत. त्या काळातलं पूर्ण अवस्थेत उरलेलं असं हे जवळजवळ एकमेव. बाकीची कुठे गेली? भाऊंच्या छताच्या वाटेने गेली. गरज पडली की चांदी वितळते.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं हेही कमळच, सोळा पाकळ्यांचं. नाव हजारी असलं तरी तोट्या दोनशेच्या आत आहेत. पेशवाईत एवढी अतिशयोक्ती चालायची. १७७४ साली जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी ते केलं असं म्हणतात. पण त्या पाण्याची गोष्ट त्याच्या आधीची आहे. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला बंधारा घालून तलाव केला आणि तिथून पाच-सहा मैलांवर शहरापर्यंत जमिनीखालून दगडी बांधणीचा नळ आणला. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले, म्हणजे आत कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि गाळ काढायला माणूस उतरावा. पाणी वाड्यात जाई, तसंच पेठांतल्या हौदांतही पडे. फेब्रुवारी १८२८ मध्ये वाडा पेटला आणि कितीतरी दिवस जळत राहिला. आतलं लाकूडकाम सगळं गेलं. हौदांचं पाणी वाड्याबरोबर संपलं नाही. त्यानंतरही कित्येक वर्षं बायका तिथे घागरी भरत होत्या. आजही पुण्यात फडके हौद म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो, हौद असो वा नसो.

औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पाणचक्कीचं पाणी असंच मैलोगणती दूरवरून खापरी नळांनी येतं. तिथे ते आधी पिठाची चक्की फिरवी आणि मग हौदात उतरे.

या जुन्या लोकांनी दगडाकडून एक काम मात्र फार हुशारीने करून घेतलं होतं. काश्मीरच्या आणि लाहोरच्या शालिमार बागांत 'चादर' म्हणतात तो प्रकार आहे: उतरता दगडी फलक, त्यावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. गुळगुळीत दगडावरून पातळ पाणी सोडलं तर ते काचेसारखं चिकटून उतरतं. ना दिसतं, ना ऐकू येतं. खवल्यांवर तेच पाणी आपटतं, फुटतं, पांढरं होतं आणि वाजतं. थोड्या पाण्याला पुष्कळ भासवण्याची ही युक्ती. माझ्या कारंज्याच्या मधल्या वाटीवरही तसेच खवले कोरलेले आहेत, हे मला ते उतरवून पुसताना पहिल्यांदा दिसलं. चार वर्षं मी ती नुसती नक्षी समजत होतो.

नवी मोटर दुकानातून आणली. बसवली. पाणी चढलं, पण खळखळ काही येईना. सगळं पाणी वाटीच्या काठावरून मागे वळून तिच्या पोटाला चिकटून उतरू लागलं, किटलीच्या तोंडावरून चहा ओघळतो तसं. तेव्हा गावाबाहेर रस्त्याकडेला बसणाऱ्या एका पाथरवटाकडे ते घेऊन गेलो.

साठीचे गृहस्थ. वडील जाती आणि पाटे-वरवंटे करायचे. पाट्याला टाकी लावून द्यायला हे लहानपणी त्यांच्याबरोबर दारोदार फिरलेले. मग घरोघरी मिक्सर आला. आता ते देव घडवतात, तुळशीवृंदावनं करतात, आणि शहरातल्या एका दुकानासाठी अशीच मेजावरची कारंजी. "सर, एका मोटरीनं धंदा नेला, दुसरीनं थोडा परत दिला," असं ते हसत म्हणाले. आपला काळा दगड कठीण, त्यात जागोजाग बारीक छिद्रं. पातळ पाकळीला तो उडतो. म्हणून पाकळ्यांसाठी मऊ दगड बाहेरून येतो. आग्र्याकडे ज्याला गोरारा म्हणतात तो तर नखानेही ओरखडतो. राजस्थानचा वालुकाश्म त्याहून टणक, पण सरळ कापला जातो.

कोरण्याची रीत त्यांनी दाखवली. वाटी आतून पोकळ करायची तर आधी ग्राइंडरने शेजारी शेजारी चिरा पाडायच्या, मग मधल्या उभ्या पापुद्र्यांवर हातोडी मारून ते पाडायचे, मग छन्नी, मग घासकाम. चिरा पाडताना धुराळा एवढा उठतो की माणूस दिसेनासा होतो. त्यांच्याकडे मात्र झाडाच्या फांदीला सलाईनची एक जुनी बाटली उलटी टांगलेली होती. नळीतून थेंब थेंब पाणी दगडावर पडत होतं आणि धुराळ्याचा चिखल होऊन खाली ओघळत होता.

"सगळे असंच करतात का, मामा?" मी विचारलं.

"कुठलं सर! वल्ल्या दगडावर रेघ दिसत नाही, काम हळू होतं. आन् मोटरीला पाणी लागलं तर करंट. पोरं तोंडाला फडकं बांधतात आन् कोरडंच मारतात."

फडक्याने तो धुराळा अडत नाही. वालुकाश्म म्हणजे बहुतेक सगळी सिलिका. तिचा जो कण डोळ्यांना दिसतो तो नाकात अडकतो. जो दिसतच नाही तो फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो आणि तिथला भाग हळूहळू घट्ट होत जातो. त्याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही. राजस्थानात सिरोही जिल्ह्यातल्या पिंडवाड्याला मंदिरांचे दगड कोरणाऱ्या कारागिरांमध्ये या रोगाने किती घरं उघडी केली हे अनेकदा छापून आलं आहे. २०१९ साली त्या सरकारला अशा धुळीच्या आजारांसाठी वेगळं धोरण जाहीर करावं लागलं. छन्नी-हातोडीच्या काळातही धूळ होतीच, पण ग्राइंडर दिवसाला जेवढी बारीक धूळ उडवतो तेवढी उडवायला छन्नीला कितीतरी दिवस लागायचे. पाण्यासाठी घडवायची वस्तू पाण्याशिवाय कापली जाते, आणि ती का, हे त्या पोरांना विचारलं तर रेघ दिसत नाही एवढंच उत्तर आहे. दिवसाला किती वाट्या झाल्या यावर मजुरी ठरत असेल तर दुसरं उत्तर कुठून येणार?

माझ्या वाट्या कोणी कोरल्या ते मला माहीत नाही. दुकानदाराला विचारलं, त्यालाही नव्हतं. कागदावर ईशान्य दिशा होती, गावाचं नाव नव्हतं.

मामांनी वाटी उपडी घातली आणि काठाच्या खालच्या अंगाला, कडेपासून करंगळीभर आत, एक बारीक खाच मारत नेली. घराच्या छज्जाखाली गवंडी ठेवतो तशीच. पाणी काठावरून मागे वळतं, खाचेपाशी येतं, पुढे चढू शकत नाही आणि थेंब होऊन सुटतं. मग वाटी सुलटी करून पाकळ्यांच्या टोकांवर दोन-तीन टोले दिले, बादलीतलं पाणी तांब्याने ओतलं, आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. एका पाकळीवर पुन्हा टोला. पुन्हा तांब्या.

"आता बोलतंय," ते म्हणाले. पैसे सांगितले त्याहून मी थोडे जास्त दिले, ते त्यांनी मोजून परत केले. निघताना एक ताकीद दिली: पांढरे डाग पडले म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नका. स्टीलचा तांब्या त्याने चकचकीत होतो, संगमरवर मात्र विरघळतो.

कारंजं पुन्हा नैऋत्येला बसलं आहे. उन्हाळ्यात त्यातलं पाणी तीन दिवसांत उडून जातं, म्हणून रोज सकाळी तांब्याभर भर घालावी लागते. परवा शेजारच्या वहिनी आल्या होत्या. चहा संपायच्या आत त्यांनी दोनदा मोरीकडे पाहिलं आणि शेवटी न राहवून म्हणाल्या, "अहो, नळ तेवढा बंद करून येता का?"